गोवराचा हंगाम आणि परांजपे डॉक्टर

कंपाउंडरकी सुटून जमाना झाला. मिक्श्चरं विसरलो, डोस विसरलो, पण किस्से डोक्यात साठतच गेले. मंडळी जमली की एकेक निघतो आणि बायको आतून ओरडते, "चहा गार होतोय!"

लढाईच्या दिवसांत मी राहुरीजवळच्या एका गावी दवाखान्यात होतो. डॉक्टर परांजपे पुण्याचे. त्यांना एकच वेड, हवामान! "थंडीत डांग्या खोकला. फाल्गुनात कोरडा वारा सुटला की गोवर. पाऊस पडला की तो ओसरतो. तेव्हा वारा सुटताच तीन आठवडे शाळा बंद ठेवा," असं ते हेडमास्तर कुलकर्ण्यांना दरवर्षी विनवायचे. आदल्या चैत्रात गोवरानं गावातली दोन पोरं गेली होती. ते डॉक्टरांच्या जिवाला फार लागलं होतं.

हेडमास्तर म्हणायचे, "डॉक्टर, शाळा घंटेवर चालते, वाऱ्यावर नाही!"

*

पाऊस मोजायला डॉक्टरांनी अंगणात पत्र्याचं नळकांडं पुरलं होतं. श्रावणात बाहेर धो धो पाऊस, आणि नळकांडं रोज सकाळी रिकामं!

मी पाळत ठेवली. शेजारच्या वस्तीवरची गंगूबाई तांब्या घेऊन हजर. "नातवाचा खोकला ह्याच्यानंच गेला, दादा! डाक्टर इतकं जपत्यात, म्हंजी औषीदच आसनार!"

डॉक्टर रागावले नाहीत. मला म्हणाले, "तिच्यासाठी शेजारी एक बादली ठेव."

ठेवली. पावसाळा संपला, बाई येतच राहिली. मग ती बादली रोज विहिरीवरून भरायचं काम कुणाकडे आलं असेल?

*

गोवर म्हणजे देवी, तिला डॉक्टर चालत नाही, म्हणून लोक पोरांना लपवायचे. पण अशा घरात फोडणी देत नाहीत. डॉक्टरांनी हे बरोबर हेरलं. स्वयंपाकाच्या वेळी आम्ही गल्लीतून नाक वर करून हिंडायचो. "इथं फोडणी नाही. लिही!"

माघ संपत आला होता. एक दिवस अख्ख्या आळीत फोडणीचा वास नाही! डॉक्टरांना घाम फुटला. "साथ आली रे! नगरला तार करायला हवी!"

मी म्हटलं, "साहेब, आज महाशिवरात्र. सकाळी घरी बाईसाहेबांनी तुम्हाला रताळी कशाला दिली होती?"

*

"कोंदट वर्गात रोग वाढतो. निदान खिडक्या तरी उघडा," म्हणून डॉक्टरांनी हेडमास्तरांचं डोकं खाल्लं. कंटाळून त्यांनी सगळ्या उघडल्या. दुसऱ्याच दिवशी दुपारच्या हजेरीला निम्मा वर्ग गायब!

डॉक्टर धापा टाकत शाळेत. "काय? गोवर?"

"नाही," हेडमास्तर म्हणाले. "खिडकी."

*

त्या चैत्रात गंगूबाईच्या नातवाला गोवर निघालाच. तिच्या घरची रीत अशी, की तिसऱ्या दिवशी आजाऱ्यापाशी पाच लेकरं बसवून त्यांना दहीभात जेवू घालायचा.

डॉक्टर हादरले. "पाच घरची पोरं तिथं बसली, तर पाची घरांत गोवर!"

गंगूबाई ऐकेना. "लेकरं जेवली न्हाईत तर देवी कोपंल. मला येकच नातू हाय, डाक्टर!" आणि ती ढसाढसा रडायला लागली. डॉक्टरांचेही डोळे भरून आले. तिला दुखवावं तरी कसं, आणि पोरं तरी कशी पाठवावीत?

मग ते हळूच म्हणाले, "आजी, लेकरंच हवीत ना? वय किती असावं, ते देवीनं सांगितलंय का?"

ती विचारात पडली. "न्हाई बा."

डॉक्टर, मी, पोस्टमास्तर आणि तलाठी असे चार झाले. पाचवे म्हणून हेडमास्तरांना गळ घातली. गोवर येऊन गेलाय का, हे डॉक्टर प्रत्येकाला खोदखोदून विचारत होते. हेडमास्तर उखडले. "माझं सगळं लहानपणीच होऊन गेलंय! तुम्ही आपला वारा सांभाळा!"

भर दुपारी पाच बाप्ये मांडी घालून ओळीनं बसलो. गंगूबाईनं एकेकाच्या गालाला काजळाची तीट लावली. तलाठ्याला भात जाईना, तर त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "खा रं बाळा, येवढं पान साफ कर!"

नातू बरा झाला. वस्तीवर दुसऱ्या कुठल्याच पोराला गोवर निघाला नाही.

दहा-बारा दिवसांनी शाळेच्या दारावर एक नोटीस लागली. अक्षर हेडमास्तरांचंच, पण अंथरुणात पडून लिहिल्यासारखं वाकडंतिकडं :

"शाळा तीन आठवडे बंद. कारण : कोरडा वारा."