निवड सामन्याची खेळपट्टी

माझा थोरला भाऊ बावीस वर्षं मैदानावर खेळपट्ट्या करत होता. तिथे त्याला सगळे 'रोलर' म्हणायचे, कारण एकदा निघाला की कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. त्याला अडवणारी एकटी मीच निघाले, आणि त्यासाठी माझी मलाच अजून चीड येते.

झालं असं, की आमचा देशाचा संघ घरच्या पाटा खेळपट्ट्यांवर धावांचे डोंगर रचायचा आणि परदेशात चेंडू छातीपर्यंत उसळला की शंभरीच्या आत गारद व्हायचा. दादा म्हणायचा, "पोरांचा काय दोष गं? उसळता चेंडू आम्ही त्यांना दाखवलाय कधी?" म्हणून दौऱ्याच्या निवड सामन्यासाठी त्याने साहेबांशी भांडून, तीन आठवडे पाणी घालून, खेळपट्टीवर चेंडू उसळवणारं गवत राखलं.

त्या सामन्यात माझा मुलगा सलामीला होता. तिशीला आलेला, म्हणजे शेवटचीच संधी. आदल्या दुपारी मी दादाचा डबा घेऊन मैदानावर गेले. ती हिरवीगार पट्टी बघितली आणि डबा तसाच खाली ठेवला.

"दादा, काप ते."

"वेड लागलंय का तुला? तिथे असंच असतं. इथे टिकला तर तिथे टिकेल."

"आणि नाही टिकला तर? तुझ्या प्रयोगाला माझंच पोर सापडलं का?"

मी रडले, भांडले, नाही नाही ते बोलले. तुला मूल असतं तर कळलं असतं, असंसुद्धा. मेली माझी जीभ! शेडमधून दादाने गवत कापायचं यंत्र काढलं. संध्याकाळपर्यंत खेळपट्टीचं पार टक्कल झालं होतं.

पोराने एकशे चौसष्ट धावा केल्या. संघात निवड झाली. मी गल्लीभर मिरवून घेतलं. दादा मात्र आठवडाभर घरी फिरकला नाही.

परदेशातला पहिला सामना आम्ही दोघांनी टीव्हीवर बघितला. पहिलाच चेंडू पोराच्या हनुवटीजवळून गेला. मी दादाचा हात घट्ट धरला. दुसरा चेंडू हातमोज्यावर आदळला. पोरगा मागे सरकत होता, सरकतच होता. "पाय बघ त्याचे," दादा पुटपुटला, "कुठे टाकायचे तेच कळत नाहीये." तिसऱ्या चेंडूवर झेल उडाला. चार डावांत मिळून अकरा धावा झाल्या, शेवटच्या डावात बोट मोडलं, आणि त्याला घरी पाठवलं.

आला त्या दिवशी तो स्वयंपाकघरात प्लास्टरचा हात टेबलावर ठेवून बसला होता. समोर दादा.

"मामा, तीन आठवडे जपलेलं गवत का कापलंस? ते असतं तर मी निदान एकदा तरी तसा चेंडू खेळलो असतो."

"वरून हुकूम आला," दादा खाली बघत म्हणाला.

माझ्यासाठी खोटं बोलला माझा भाऊ. मला राहवेना.

"हुकूम माझा होता," मी म्हटलं.

पोराने प्लास्टरचा हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे आई, मला ते जमेल असं तुला वाटलंच नव्हतं."

तसं नाही रे, म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते खोटं झालं असतं.