अर्ध्यावर थांबणारा दोरा

आत्या गेल्याचा फोन शाळेत आला, तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होते. ते तसेच टाकून आष्टीची बस पकडली. त्याला आता महिना झाला, पण डोक्यात अजून तिचे दोरेच आहेत...

गावात कुणाला नागीण झाली, की तो आधी आत्याकडे यायचा. गेरू लावण्याआधी ती दोरा काढायची. मणक्यापासून पोटापर्यंत फोडांचा पट्टा मोजायची आणि तोच दोरा त्याच्या कमरेभोवती धरायची. नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, या धास्तीनं लोक अर्धमेले होऊन येत. आत्या अपुरा पडलेला दोरा दाखवून म्हणायची, "बघ, निम्म्यातच थांबली. मणक्याची शीव वलांडत न्हाई ती. आता जल्दी डॉक्टरकडं जा, तीन दिसांच्या आत गोळ्या चालू झाल्या पायजेत." मग गेरू कशाला, असं मी चिडवलं की म्हणायची, "त्याबिगर येतच न्हाईत ना!"

मला सातवा महिना होता तेव्हाची गोष्ट. जालन्याहून तिच्याकडे गेले, तर अंगणात नागीण झालेले एक आजोबा उघडे बसलेले. आत्या गेरूच्या हातांनी दारात आडवी उभी राहिली. गर्भारणीची सावली नागावर पडू नये म्हणतात, तेच असणार! मास्तरीण मी, खवळलेच. "तू पण सावल्या मानायला लागलीस?"

"सावलीचं मरू दे. तुला कांजिण्या झाल्त्या का?"

"माहीत नाही."

"मंग बिलकुल आत यायचं न्हाई. नागीणवाल्यानं नातू मांडीवर घेतला, की पंधरा-वीस दिसांत लेकराला कांजिण्या येत्यात. दोनदा पाह्यलंय मी."

मी फणकाऱ्यानं माघारी आले. वडिलांना विचारलं, तर मला गोवर आला होता, कांजिण्या नाहीत. तपासणीच्या वेळी हे सांगितलं, तशा डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. म्हणाल्या, नागीण आणि कांजिण्या यांचा विषाणू एकच. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी अंगात दडून राहतात, पुढे नागीण होऊन निघतात. फोडांच्या पाण्यातून लागण होते आणि गरोदर बाईला ती फार जड जाऊ शकते. पुढे त्या आजोबांच्या नातवाला खरंच कांजिण्या आल्या.

तुझं बराबर होतं, एवढं मात्र मी आत्याला कधीच म्हटलं नाही. शिकलेपणाचा ताठा, दुसरं काय! आता त्याची लाज वाटते.

तेराव्याला तिचा पत्र्याचा डबा उघडला. आत गेरूनं लाल झालेले दोरे. माझा मुलगा एकेक दोरा आपल्या कमरेला लावून बघत होता.

"आई, एकही पुरत नाही गं!"

मी डब्यावर हात ठेवून म्हटलं, "तुझं बराबर होतं, आत्या."