पोतनीसांच्या वंशावळीतली प्रतिभाकाकू

प्रतिभाकाकू माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. हे साधं वाक्य लिहितानाही मला जोर लावावा लागतो, कारण आमच्या वंशावळीत ते आता कुठंच नाही.

श्रीकांतकाका १९७९ साली घर सोडून गेला. भांडण कशावरून झालं, ते ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. लग्नाला जेमतेम तीन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. काकूचे भाऊ अमरावतीहून तिला न्यायला आले, तेव्हा ती म्हणाली, "ते आले आणि मी घरात नसले तर?" भाऊ परत गेले ते गेलेच. बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला उज्जैनच्या घरात ठेवून घेतलं. हे ते आजही उपकार सांगावेत तसं सांगतात. काकूने देवास गेटजवळच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मुलींना शिकवायची नोकरी धरली. सकाळचा स्वयंपाक करून जायची, संध्याकाळचा येऊन करायची, आणि पगार बापूंच्या हातात द्यायची. हा शेवटचा भाग बापू सांगत नाहीत.

आमच्यात बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग तो गेला असं धरून पालाशविधी करतात. दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि खरोखरीच्या मयतासारखं सगळं दिवसपाणी करायचं. १९९१ साली बापूंनी ते करायला घेतलं. बापूंना आम्ही दोघी मुलीच, मी अपर्णा आणि धाकटी ऋचा. त्यात घरात आजारपणं आणि बिजली बोर्डातली बापूंची बढती अडकलेली. गुरुजींनी निदान केलं की गेलेल्याचं केलं नाही म्हणून घराला लागतंय. काकूला कुणी विचारलं नाही. भैरवगढला सिद्धवटाच्या घाटावर तो पुतळा जाळला. त्याला डोक्याच्या जागी नारळ लावला होता. मी दहा वर्षांची होते आणि तो नारळ फुटेल म्हणून घाबरले होते.

घरी आल्यावर शेजारच्या बायकांनी काकूच्या बांगड्या फोडल्या. ती गुरुजींना एवढंच म्हणाली, "अहो, पण ते असले तर?"

"आता असले तरी नाहीत," गुरुजी म्हणाले. मला त्या माणसाला कडकडून चावावंसं वाटलं होतं, आणि अजूनही वाटतं.

पुढे टायपिंग शिकायला कुणी येईना. इन्स्टिट्यूटचे मालक गोपाळजी यांनी मशीनं भंगारात काढली, कॉम्प्युटर आणले, प्लायवूडच्या पडद्या ठोकल्या आणि बाहेर सायबर कॅफेचा बोर्ड लावला. काकू तिथंच राहिली. पोरांना रिझल्ट काढून देणं, म्हाताऱ्यांना अमेरिकेतल्या नातवंडांचे मेल वाचून दाखवणं, हे तिचं नवं काम.

त्याच सुमाराला बापू रिटायर झाले आणि घरात सगळ्यांच्या पायात येऊ लागले. आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले आणि खजिन्याचं बघायचे. त्यानंतर आमच्यापैकी कुणाला खजिना दिसलेला नाही, पण ऐट तेवढी शिल्लक आहे. पुण्याच्या एका पोतनीसांनी जगभरच्या पोतनीसांची वंशावळ नेटवर चढवायला घेतलीय असं बापूंना कळलं आणि त्यांना कामच मिळालं. मी कॉलेजातून येऊन शोधायचे, काकू टाइप करायची, बापू मागे खुर्ची टाकून हुकूम सोडायचे.

शोधायला खरंच पुष्कळ होतं. टेलिफोन खात्याची डिरेक्टरी नेटवर आली होती. आडनाव घातलं की ग्वाल्हेर, बडोदा, नागपूर, कुठले कुठले पोतनीस पत्त्यांसकट बाहेर पडायचे. आडनावाचा एक ई-मेल ग्रुप होता, तिथे दोन म्हातारे खरं गोत्र कोणतं यावरून वर्षभर एकमेकांची अक्कल काढत होते. कुठल्याशा अमेरिकन संस्थेने हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे फोटो काढून ठेवलेत हे कळलं, त्या दिवशी बापूंनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले. साइटला गेस्टबुक होतं. त्यात इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून कुणीही कुणालाही हाक मारावी. बापू रोज कुणाला ना कुणाला हाक मारायचे, म्हणजे काकू मारायची.

एकदा गर्दी नव्हती, तेव्हा काकू मला म्हणाली, "अगं, आमच्या लोकांचीपण असेल ना साइट?"

होती. तिचं माहेर माहुलीकरांचं. तिचे आजोबा सापडले, वडील सापडले, तिघं भाऊ त्यांच्या डिग्र्यांसकट सापडले. वडिलांच्या नावाखाली अगदी शेवटी लिहिलं होतं, 'कन्या दोन, विवाहित.'

"त्यातली धाकटी मी," काकू म्हणाली.

मग तिने पोतनीसांची साइट उघडली, उज्जैनची शाखा काढली आणि आपणच टाइप केलेली ओळ मला वाचून दाखवली. 'कै. श्रीकांत, निधन १९९१, पत्नी प्रतिभा.' "बघ, इथं आहे मी," ती म्हणाली, आणि ती खूश होती. नानाखेड्याचं आमचं राहतं घर बापूंच्या नावावर, बँकेचं पुस्तक बापूंच्या कपाटात. ज्या माणसासाठी तिने सगळा जन्म काढला त्याच्या शेजारी तिचं नाव लिहिलेलं जगात एवढ्या एकाच जागी होतं. ती ओळ कुणी हलवू नये, यापलीकडे तिचं कुणाकडे काही मागणं नव्हतं.

२००३च्या उन्हाळ्यात सोलापूरहून मेल आला. तो आधी काकूनेच वाचला, कारण बापूंचे मेल तीच उघडायची. 'तुमच्या शाखेत माझ्या बाबांची माहिती चुकलीय. नाव, जन्मतारीख, जन्मगाव सगळं त्यांचंच आहे, पण बाबा जिवंत आहेत आणि माझ्या आईचं नाव वसुधा आहे. माझं लग्न ठरलंय. मुलाकडच्यांनी ही साइट बघितली आणि आता ते विचारतायत, वडील वारले असतील तर हे कोण, आणि प्रतिभा कोण? उज्जैनला आमचं कुणी उरलेलं नाही असं बाबा सांगतात. तुम्ही दुसऱ्या कुणाची माहिती मिसळली असेल. प्लीज लवकर दुरुस्त करा.' खाली नाव होतं मृण्मयी श्रीकांत पोतनीस, आणि भावाचं नाव यशोधन हेही तिने दुरुस्तीसाठी दिलं होतं.

"ते आहेत," काकू म्हणाली. तिला आनंद झाला होता. हेच मला अजून सहन होत नाही. आधी तिला आनंद झाला, आणि मग बाकीची वाक्यं हळूहळू तिच्यापर्यंत पोचली.

बापूंनी घरी त्या मेलचा छापून आणलेला कागद वाचला आणि ढसाढसा रडले. भाऊ जिवंत आहे म्हणून रडतायत असं मला वाटलं. मग त्यांनी यशोधन या नावावर बोट ठेवलं. "मंगला, ऐकलंस का? मुलगा आहे त्याला! आपला वंश आहे!"

"आणि प्रतिभा?" आईने विचारलं. बापूंनी नाक पुसलं आणि डिरेक्टरीतून सोलापूरचा नंबर काढून आणायला मला पाठवलं.

ते कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून बोलून आले. काकू दारातच उभी होती.

"पोरीचं लग्न होऊ दे दादा, एवढंच म्हणाला तो," बापूंनी सांगितलं.

"माझं काही विचारलं?"

"लाइन फार खराब होती."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कॅफेत गेलो. वाटेत मी बापूंशी भांडले. म्हटलं, पहिली बायको घरात असताना दुसरी केलीय त्याने, हा गुन्हा आहे, तुम्ही त्यावर पांघरूण घालायला निघालात. बापू म्हणाले, "आणि त्या पोरीचं काय? लग्न मोडलं तर जबाबदार कोण, तू?" यावर मी काही बोलणार, तर काकूच म्हणाली, "अपर्णा, पोरीची काही गलती नाही गं. तिने कुणाचं काय बिगाडलंय?"

बापू सांगत गेले, काकू टाइप करत गेली. श्रीकांत हयात आहे. पत्नी वसुधा. कन्या मृण्मयी, पुत्र यशोधन. तिची बोटं नेहमीसारखीच भराभर चालत होती. मग बापू थोडं खाकरून म्हणाले, "लिही. प्रतिभा हे नाव नजरचुकीने दुसऱ्या शाखेतून आलं होतं, ते काढून टाकावं."

काकूने हात मांडीवर घेतले. "एवढं तुम्ही लिहा, बापू."

बापूंनी आयुष्यात कधी त्या बटणांना हात लावला नव्हता. ते तिच्या खुर्चीवर बसले आणि एक बोट पुढे करून शोधत राहिले.

"पी कुठे गेला?"

काकूने वाकून दाखवला.

"आर?"

तोही दाखवला. इतकी वर्षं कुणाकुणाच्या मुलींना शिकवलं त्याच शांत आवाजात ती त्यांना सांगत होती, घाई नको, दाबून धरू नका, नाहीतर चार-चार येतील. स्वतःचं नाव काढून टाकायची ओळ तिने त्यांच्याकडून अशी अक्षर-अक्षर करून लिहून घेतली. शेवटी मेल पाठवायचं बटणही तिनेच दाखवलं. मी पडदीआड तोंड दाबून रडत होते आणि ते सगळं कॉम्प्युटरसकट रस्त्यावर फेकून द्यावं असं मला वाटत होतं.

उठता उठता बापूंना काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं असणार. म्हणाले, "एका अर्थी बरंच झालं. आता तुला कुंकू लावायला हरकत नाही."

"कुणाच्या नावाचं?" काकूने विचारलं. बापू पैसे द्यायला गोपाळजींकडे गेले.

मृण्मयीचं लग्न झालं. पुढच्या हिवाळ्यात ती नवऱ्याला घेऊन महाकालाच्या दर्शनाला आली आणि नव्याने सापडलेल्या काकांकडे जेवायला आली. नवी वंशावळ बापूंनी मोठ्या कागदावर छापून घेऊन पुढच्या खोलीत फ्रेम करून लावली होती, ती त्यांनी दोघांना वरपासून खालपर्यंत समजावली. पोरगी लाघवी होती, मोकळी होती. तिचा राग यावा म्हणून मी खूप प्रयत्न केला, पण जमलं नाही. तिने बापूंना वाकून नमस्कार केला, आईला केला, आई हळदीकुंकू लावत होती तेव्हा तिचं लक्ष स्वयंपाकघराकडे गेलं. काकू दालबाफल्यांचं ताट घेऊन दारात थबकली होती.

"या कोण?" मृण्मयीने विचारलं.

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम तोंड उघडलं नाही. निदान एकदा तरी त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगावं, असं मला वाटत होतं.

"मी स्वयंपाकाला असते इथं," काकू म्हणाली, आणि ताट ठेवून आत गेली.

निघताना मृण्मयी आवर्जून स्वयंपाकघरात आली. "मावशी, बाफले एकदम मस्त झाले होते," असं म्हणून तिने पन्नासची नोट काकूच्या हातात ठेवली आणि तिची मूठ मिटली. मी पुढे झाले, तर काकूने डोळ्यांनीच मला थांबवलं. "सुखात राहा, बाळा," ती पोरीला म्हणाली.

रिक्षा वळली, बापू आत येऊन फ्रेमपुढे बसले. काकू भांडी घासायला बसली, मी तिच्याशेजारी बसले. सगळी भांडी विसळून तिने पालथी घातली.

"हसते अगदी त्यांच्यासारखी," मग ती म्हणाली.