सभागृहाच्या अनुमतीने

जयवंत मास्तर आमदार झाले तेव्हा वाकोल्यातल्या अर्ध्या लोकांना वाटलं, आता नळाला दिवसभर पाणी येणार. उरलेल्यांना वाटलं, मास्तर आता खोली विकून मलबार हिलला राहायला जाणार. दोन्ही झालं नाही. शिक्षकांच्या मतदारसंघातून विधान परिषदेवर गेलेला माणूस तो. त्याच्या हातात ना पोलीस, ना पाइप. होतं ते फक्त तोंड.

पण तोंड असं, की ऐकत राहावं. मूळचे देवगडाकडले, आवाज खर्जातला, आणि वाक्य कुठं थांबवायचं ते नेमकं ठाऊक. शाळांचे थकलेले पगार, रॉकेलचा काळाबाजार, कोकणातल्या खाड्यांवरच्या होड्या, कशावरही उभे राहिले की पलीकडच्या बाकावरचे डुलक्या घेणारेसुद्धा डोळे उघडायचे. वाकोल्याच्या नाल्यावर बोलले त्या भाषणाला एका पेपराने चौकट दिली. मास्तरांनी ती कापून देवाच्या फळीखाली चिकटवली.

त्यांची बायको सुलक्षणा कुर्ल्याच्या म्युन्सिपाल्टीच्या शाळेत शिकवायची. ती म्हणाली, "काल तुमचा नाला पेपरात वाहिला. आज आपल्या मोरीत आलाय. जरा बघता का?"

"अगं, वरच्या सभागृहात प्रश्नाला वाचा फोडायची असते."

"फोडा फोडा. पण आधी बादली द्या इकडे."

मास्तर हसायचे. तिचं बोलणं त्यांना लागायचं नाही, कारण तेव्हा ते खरं आहे असं वाटायचं नाही.

आमदारकीच्या आधी बरीच वर्षं मास्तर दिवसा हायस्कुलात शिकवायचे आणि संध्याकाळी रात्रशाळेत. ही रात्रशाळा म्हणजे म्युन्सिपाल्टीच्या इमारतीतले मागून घेतलेले चार वर्ग. विद्यार्थी कोण, तर गिरणीतले बदली कामगार, हॉटेलात कपबश्या विसळणारे, घरकाम करणाऱ्या दोघीतिघी बायका. लहान पोरांच्या बाकांत गुडघे अडकवून बसायचे सगळे. आमदार झाल्यावरही अधिवेशन नसलं की मास्तर तिथं जाऊन मराठीचा तास घेत. म्हणायचे, "आमदारकी सहा वर्षांची. खडू जन्माचा."

त्या वर्गात धाकू होता. मास्तरांच्याच गावचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा, पस्तिशी ओलांडलेला. गावात सातवी करून मुंबईला आला आणि मशीनला जुंपला तो जुंपलाच. त्याच्या बायकोचा भाऊ ट्रॉम्बेकडच्या एका कारखान्यात होता. त्याने सांगून ठेवलेलं, दहावी झालास तर हेल्परात लावतो, पर्मनंट. तेवढ्यासाठी धाकू आठवीत बसला. त्याची थोरली पोर जानकी तेव्हा पाचवीत. बापलेक एकाच कंदिलाशी बसून एकाच आवाजात पाढे घोकायची आणि शेजारी म्हणायचे, ह्या घरात नेमकं पोर कोण आणि बाप कोण?

मग ब्याऐंशीचा संप आला. दोन-तीन महिन्यांत मिटेल म्हणून लोकांनी कळ काढली, मग भांडी विकली, मग गावचा रस्ता धरला. रात्रशाळेतली बाकं रिकामी पडायला लागली. धाकू गेला नाही. सकाळी वाकोल्याच्या मार्केटात हमाली करायचा आणि संध्याकाळी अंग धुऊन वर्गात. पण एकट्या धाकूने वर्ग भरत नाही. खात्याचा नियम होता, हजेरी अमुक इतक्याखाली गेली की रात्रशाळेचं अनुदान बंद. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे संप नव्हता. वर्षअखेरीला इन्स्पेक्टर आला, हजेरी बघून मान हलवून गेला. जूनपासून शाळा बंद होणार, हे त्याच्या मानेवरूनच कळलं.

"मास्तरानू, माझी नववी झाली काय एकच वर्स ऱ्हवता," धाकू म्हणाला. "शाळा बंद झाली तर मी खय जाव? ह्या वयात माका कोण वर्गात घेतलो?"

"शाळा बंद होऊ देत नाही," मास्तर म्हणाले. आणि ते मनापासून म्हणाले.

विधान परिषदेत शुक्रवारी दुपारनंतर सदस्यांचे स्वतःचे ठराव येतात. कोणाचा घ्यायचा त्याच्या चिठ्ठ्या टाकतात. वर्षानुवर्षं बसूनही काहींचं नाव निघत नाही. त्र्याऐंशीच्या अधिवेशनात मास्तरांची चिठ्ठी पहिली निघाली. ठराव साधा होता: संपामुळे हजेरी घटलेल्या रात्रशाळांचं अनुदान बंद करू नये, अशी हे सभागृह शासनाला शिफारस करीत आहे.

मास्तरांनी भाषण घोटून तयार केलं. गच्चीवर पाण्याच्या टाकीला सभापती समजून ते फेऱ्या मारत बोलायचे. धाकूला आणि वर्गातल्या आणखी काहींना त्यांनी गॅलरीचे पास काढून दिले. धाकूने जानकीच्या हातून शर्टाला गरम तांब्याने इस्त्री करून घेतली.

त्या दिवशी नशीबही बाजूला होतं. कुठल्याशा पुढाऱ्याच्या घरी लग्न होतं आणि सरकारी बाकांवरचे निम्मे लोक दुपारीच गाड्या काढून गेले होते. मास्तरांच्या शेजारी बसणारे भीमराज, मराठवाड्यातले जुने आमदार, कानाशी आले.

"मास्तर, डोकी मोजली म्या. आपली जास्त हायेत. मंत्री कितीबी गोड बोलू द्या, ठराव मागं घ्यायचा न्हाई. सरळ मताला टाका."

"ठराव म्हणजे शिफारसच हो, अण्णा."

"असू द्या की शिफारस! सरकार हरलं असं उद्या छापून येईल. मंग बघा जीआर कसा पळत येतो ते."

मास्तर उभे राहिले. त्या दिवशीसारखं ते आधी बोलले नव्हते आणि नंतरही बोलले नाहीत. चौदा वर्षांच्या पोरासाठी केलेल्या बाकात चाळिशीचा माणूस कसा बसतो, ते त्यांनी सांगितलं. मशीनच्या आवाजाने कान गेलेला माणूस श्रुतलेखन पहिल्या बाकावरून कसा लिहून घेतो ते सांगितलं. बाप आणि लेक एका कंदिलाशी कसे बसतात तेही सांगितलं. वर गॅलरीत धाकूने मान खाली घातली. सभागृहात कागद वाजायचे थांबले होते. मास्तर बसले तेव्हा दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. सरकारी बाजूनेही.

मंत्री उठले. चतुर माणूस. म्हणाले, "इतकं हृदयाला हात घालणारं भाषण या सभागृहात मी कित्येक वर्षांत ऐकलेलं नाही. हे भाषण नव्या सदस्यांनी पुन्हापुन्हा वाचावं. सन्माननीय सदस्यांच्या भावनांशी मी सहमत आहे. शासन त्यांची नोंद घेईल. माझी त्यांना हात जोडून विनंती आहे, त्यांनी ठराव मागे घ्यावा."

आणि मंत्र्यांनी खरोखर हात जोडले.

सभागृहाची एक रीत आहे. मंत्र्याने एवढं म्हटल्यावर सदस्याने ठराव मागे घ्यायचा असतो. तरीही जो हट्ट धरतो त्याला असभ्य म्हणत नाहीत, पण लॉबीत चहा घेताना त्याच्याशेजारची खुर्ची रिकामी राहते. मास्तरांना ते नको होतं. खरं सांगायचं तर कारण तेही नव्हतं. 'नव्या सदस्यांनी पुन्हापुन्हा वाचावं' हे वाक्य त्यांच्या कानात अजून घुमत होतं आणि त्या गोडीत त्यांना वाटलं, काम झालंच की.

"मंत्रिमहोदयांच्या उत्तराने माझं समाधान झालं आहे. मी ठराव मागे घेतो."

सभापतींनी विचारलं, "ठराव मागे घेण्यास सभागृहाची अनुमती आहे काय?"

एकाने जरी नाही म्हटलं असतं तरी ठराव मताला टाकावा लागला असता. भीमराज ताडकन अर्धे उठले, तोंडही उघडलं. मास्तरांनी त्यांच्या मनगटावर उजवा हात ठेवला आणि खाली दाबला. भीमराज बसले.

ठराव सभागृहाच्या अनुमतीने मागे घेण्यात आला.

"तुमचंच लेकरू, तुमीच गळा दाबला," भीमराज पुटपुटले. "आपल्याला काय!"

गॅलरीतल्या मंडळींनी बाकं वाजताना ऐकली होती, मंत्र्याला हात जोडताना पाहिलं होतं; पुढचं अनुमतीचं बोलणं त्यांना कळलं नव्हतं. वाकोल्यात कोणीतरी पेढे आणले. "मास्तर, झकास! मंत्री पाया पडायचा बाकी होता!" मास्तर खोलीच्या दारात उभे होते. धाकूही त्या घोळक्यात होता, पेढा हातात तसाच धरून. आत्ता सांगावं, मास्तरांच्या मनात आलं. पण पेढा तोंडात आला, हार गळ्यात पडला, आणि आतून सुलक्षणाने विचारलं, "मत पडलं का हो?"

"तशी वेळ आली नाही," मास्तर म्हणाले.

त्या दिवशी तिने टोमणा मारला नाही.

जून आला. अनुदानाचा कागद आला नाही. मास्तर मंत्रालयात गेले, तर शिक्षणखात्याला नवे मंत्री आलेले. ते म्हणाले, "तुमचं भाषण फार गाजलं म्हणे. ऐकायला हवं होतं." मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली का ते बघणाऱ्या आश्वासन समितीकडे गेले, तर तिथले अध्यक्ष चष्मा वर सरकवून म्हणाले, "जयवंतराव, भावनांची नोंद घेऊ म्हणालेत. करतो कुठं म्हणालेत? आणि ठराव तर तुम्हीच काढून घेतलात. आता मी कशाच्या जोरावर विचारू?"

श्रावण सरायच्या आत म्युन्सिपाल्टीने वर्ग परत घेतले. त्यांत शिवणकामाची यंत्रं ठेवली. धाकूने मार्केटातलं काम सोडलं आणि मुलुंडला कुठंशी वॉचमन लागला. बिऱ्हाडही हलवलं. मास्तरांना भेटून गेला नाही.

पुढची तीन वर्षं मास्तर बोलत राहिले. पण उभे राहिले की उजवा हात आपोआप खिशात जायचा. पत्रकार म्हणायचे, मास्तर आता बोलताना हात वापरत नाहीत, भाषणाला वजन आलंय. शहाऐंशीत मुदत संपली. मित्रमंडळींनी निवडक भाषणांचं पुस्तक काढायचं ठरवलं आणि रात्रशाळेचं भाषण पहिलं घ्यायचं म्हणाले. मास्तर म्हणाले, पुस्तकच नको. कारण कोणाला सांगितलं नाही. सुलक्षणा एवढंच म्हणाली, "मग त्याला जाऊन भेटा. पत्ता मी काढून देते."

मुलुंडला एका नव्या उंच इमारतीच्या फाटकाशी धाकू खाकी कपड्यांत उभा होता. केस पांढरे झालेले. मास्तरांना बघून त्याने आपलं स्टूल पुढं केलं आणि स्वतः खांबाला टेकला.

"वैनी बरी आसा?"

"बरी आहे. जानकी?"

"नववीत हा. माझ्यासारखी नाय, हुशार हा."

मास्तर स्टुलावर बसले. मग म्हणाले, "धाकू, सतरा नंबरचा फॉर्म भरला की बाहेरून दहावीला बसता येतं. मी आता रिकामाच आहे. रोज इथं येतो. तुला शिकवतो. वर्षात करून घेऊ."

"आता कित्याक?"

"का रे?"

"ती हेल्परची जागा त्याच वर्सा भरली. आता धावी करून गेटार उभो ऱ्हवलंय काय, नाय केलंय काय, गाडी तीच येता." तो हसला. हसण्यात राग नव्हता, त्याने मास्तरांना जास्तच कसंसं झालं.

"धाकू, त्या दिवशी परिषदेत..." मास्तर अडखळले. सहा वर्षं सभागृह गाजवलेल्या माणसाला वाक्याचं दुसरं टोक सापडेना.

"माका म्हायत आसा."

"काय?"

"ठराव तुमी मागे घेतलात ता. गॅलरीतल्या शिपायान माका त्याच वेळार सांगितल्यान. मी बाकीच्यांका नाय सांगलंय. म्हटलंय, मास्तरांनी मागे घेतलो म्हणजे त्यात काय तरी असतला. आपणाक कळणा नाय, तेंका कळता." धाकूने फाटकाच्या कडीवरची धूळ अंगठ्याने पुसली. "जूनपर्यंत मी वाट बघित होतंय. आज ना उद्या तुमी माका सांगशात म्हणान."

"काही नव्हतं त्यात," मास्तर म्हणाले. "मंत्र्याने भाषणाची तारीफ केली. मला बरं वाटलं. एवढंच होतं."

आतून गाडीने हॉर्न दिला. धाकूने जाऊन फाटक उघडलं, गाडीला सलाम केला, फाटक लावलं आणि परत आला. मास्तर अजून स्टुलावरच होते.

"उठा आता, मास्तरानू," तो हळूच म्हणाला. "सेक्रेटरीची येवची येळ झाली. गेटार कोण बसलेलो दिसलो की माका बोलता."

मास्तर उठले. धाकूने स्टूल उचलून आत केबिनमध्ये ठेवलं.