त्सुगारु बोलणारी नळदुर्गची मुलगी

नळदुर्गच्या बाजारात वीरप्पांचं आडत दुकान आहे. तूर-हरभऱ्याच्या हंगामात सीमेपलीकडच्या खेड्यांतले शेतकरी तिथं माल आणतात. त्यांना मराठी जेमतेम येतं आणि सोलापूरच्या खरेदीदारांना कन्नड येत नाही. त्यांच्या मधे वीरप्पांची मुलगी भुवनेश्वरी उभी राहायची, शाळेत होती तेव्हापासून. दुकानाचा नियम असा की माणूस जे बोलला ते तसंच पोचवायचं, शिवी असली तर शिवीसकट. एकदा एका म्हाताऱ्यानं भाव ऐकून खरेदीदाराच्या आईचा उद्धार केला. भुवनेश्वरीनं लाजून ‘भाव कमी वाटतो म्हणतात’ एवढंच सांगितलं. म्हाताऱ्याला तेवढं मराठी कळत होतं. तो माल गाडीत भरून निघून गेला. वीरप्पांनी हमालांदेखत मुलीला विचारलं, “त्याचं तो बोलला. तू मधी कापणारी कोण?” त्यानंतर तिनं कधी काही कापलं नाही.

पदवी झाल्यावर ती पुण्याच्या एका क्लासमधून ऑनलाइन जपानी शिकली. अभ्यास म्हणून तिथले कार्यक्रम बघायची. एका कार्यक्रमात उत्तरेकडची एक बागवाली म्हातारी सफरचंदं नीट न तोडणाऱ्या सुनेला झापत होती आणि खाली जपानीतच तिचं बोलणं लिहून येत होतं. जपानी बाई जपानी माणसांना कळावी म्हणून ही सोय, आणि कार्यक्रमातले पाहुणे तिच्या बोलण्याला हसत होते. भुवनेश्वरीनं तो तुकडा पुन्हापुन्हा पाहिला. तिच्या घरच्या कन्नडला धारवाडची आत्या अशीच हसायची.

त्या बोलीचं नाव त्सुगारु. थंडी इतकी की तिथले लोक तोंड पुरतं उघडत नाहीत, अशी चेष्टा बाकीचे जपानी करतात. ‘दो सा’ म्हणजे कुठं चाललास, ‘यू सा’ म्हणजे अंघोळीला, संपलं बोलणं. भुवनेश्वरी तिथला स्थानिक रेडिओ इंटरनेटवर लावायची. सफरचंदाची छाटणी शिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे व्हिडिओ, लोककथांचं एक पुस्तक आणि त्याच्यासोबतच्या ध्वनिफिती, हे सगळं थांबवत, मागं नेत, मोठ्यानं म्हणत तिनं पाठ केलं. आई शांतम्मा स्वयंपाकघरातून विचारायची, “तोंडात गरम बटाटा घेऊन काय बोलायलीस गं?” क्लासच्या चारुशीला मॅडमनी सांगितलं की ही बोली परीक्षेत नाही, मुलाखतीत नाही आणि थोड्या वर्षांनी जपानातही नसेल. ते खरं होतं. भुवनेश्वरीला नोकरीसाठी ती नकोच होती. त्या बोलीत आपल्याशी बोलणारं एक माणूस तिला हवं होतं.

ते माणूस पुण्याच्या एका कंपनीनं दिलं. एकट्या राहणाऱ्या जपानी वृद्धांशी स्क्रीनवर गप्पा मारायच्या, हा त्या कंपनीचा धंदा. उत्तरेतल्या एका खेड्यातल्या किमुरा ताके या आजीचं बोलणं कंपनीत कुणालाच कळत नव्हतं. आधीच्या मुलींनी तिला सोडून दिलं होतं. पहिल्या दिवशी ताकेनं स्क्रीनकडं हसून पाहिलं आणि त्सुगारुत, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत सांगायचं तर, म्हणाली, “आता ही काळी कुठनं धरून आणली?”

“नळदुर्गची हाय,” भुवनेश्वरी त्याच बोलीत म्हणाली. “ऊन लई आमच्याकडं.”

ताके खोकला येईपर्यंत हसली. मग तिला दुसरं कुणी चालेना. रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, दोघी बोलायच्या. ताके तिला ‘मेगोई’ म्हणायची, म्हणजे लाडाची. तिची एक करमणूकही भुवनेश्वरीला कळली. बाहेरगावाहून बदलून आलेला डॉक्टर, तसलाच पोस्टमन, तोक्योहून येणारा नातू शोता, सगळ्यांना ती हसत, मान लववत, ठेवणीतल्या शिव्या द्यायची. त्यांना वाटायचं, आजी आशीर्वाद देतेय. पोस्टमनला दिलेली शिवी भुवनेश्वरीला इतकी आवडली की तिनं ती पाठ केली.

नातवाला आजीचं घर आणि तिची बाग विकायची होती. आजीला तोक्योजवळच्या वृद्धाश्रमात ठेवायचं होतं. त्यासाठी तो एका सकाळी खेड्यात आला, आजीशेजारी बसला आणि कॅमेरा सुरू केला. कंपनीतले कैवल्य सरही कॉलवर होते. त्यांनी भुवनेश्वरीला सांगितलं, आजी काय म्हणतात ते नातवाला सांग, एवढंच काम.

शोतानं आजीला विचारलं की ती यायला तयार आहे का. ताके हसली, मान लववली आणि बोलली. बोलणं लांब होतं. शोतानं स्क्रीनकडं पाहिलं.

भुवनेश्वरीनं प्रमाण जपानीत, एकही शब्द न गाळता सांगितलं, “आजी म्हणतात, बापाच्या मयतीला आलास तेव्हा घड्याळ बघत होतास. म्हणतात, तुझं तोंड तुझ्या आईसारखं, पैसे दिसले की उघडतं. मी मरायच्या आधी तू मर, म्हणतात, म्हणजे मी निवांत मरेन.” आणि पुढं, “शेवटी मला म्हणाल्या, ह्याला गोड लागंल असं कायतरी सांग बघ मेगोई, म्हणजे जाईल उठून.”

ताकेच्या चेहऱ्यावरचं हसू अजून उतरलं नव्हतं. तिनं एकदा नातवाच्या तोंडाकडं पाहिलं. मग ती स्क्रीनकडं वळली आणि प्रमाण जपानीत, रेडिओवर बातम्या देतात त्या भाषेत, एकेक शब्द जपून म्हणाली, “आपण माझ्यासाठी फार कष्ट घेतलेत. आपली आभारी आहे.” ती भाषा ताकेला बोलताही येते हे भुवनेश्वरीला तोवर माहीत नव्हतं.

शोतानं ते चित्रीकरण तिथल्या कचेरीत दाखवलं. आजीचं डोकं ठिकाणावर नाही, ती घरच्यांचं मरण मागते, असं ठरलं. बर्फ पडायच्या आत घर विकलं गेलं. वृद्धाश्रमात ताकेजवळ फोन नाही. भुवनेश्वरीनं कैवल्य सरांना पत्ता मागितला, तेव्हा ग्राहकाची माहिती देता येत नाही असं उत्तर आलं. त्याच निरोपात तिचं कौतुक होतं: इतका अचूक दुभाषा ग्राहकानं पाहिला नव्हता.

वीरप्पांना तिनं सगळं सांगितलं. ते पोती मोजून घेत होते. म्हणाले, “बरोबर केलंस. लोकांची बोली हाय, आपली न्हवं.”

“अप्पा, ती माझ्याशी बोलत होती,” भुवनेश्वरी म्हणाली. वीरप्पा हमालाकडं वळले.

कंपनीनं तिला तसलीच कामं दिली. उत्तरेकडच्या म्हाताऱ्यांची शहरातली मुलं-नातवंडं तिला कॉलवर घेतात आणि सुरुवातीलाच सांगून टाकतात: आजोबा, ह्या बाईंना तुमचं सगळं कळतं. म्हातारे तिच्याकडं बघतात, कपडे सारखे करतात आणि प्रमाण भाषेत हवापाण्याचं बोलतात. दुभाष्याची गरजच पडत नाही. अशी तक्रार दोन-तीन घरांतून आल्यावर कंपनीनं तिचं काम कमी केलं.

त्सुगारु आता ती आधीपेक्षा चांगली बोलते. तिच्यासमोर ती कुणी बोलत नाही.