रिकाम्या खोलीतला नाताळ

डिसेंबर नुकताच लागला होता. सकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बघत होतो, तेवढ्यात प्रभाकरचा फोन आला. ‘काका, आई गेली... झोपेतच.’ अशा वेळी माणूस कधी, कसं, काय झालं, असं विचारतो. माझ्या तोंडून भलतंच निघालं. म्हटलं, ‘पुढची खोली रिकामी झाली होती का रे?’ पलीकडं त्याला रडू फुटलं. ‘झाली होती काका. परवाच माझ्याकडून सगळं सामान हलवून घेतलं तिनं.’ गिरजा, म्हणजे आमची सौ., पायरीवर उभी राहून ऐकत होती. ती तशीच कुलूप-किल्ली शोधायला खाली उतरली.

प्रभाकरची आई, रूथ सिस्टर, सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. छावणीच्या अंगाला त्यांचं दोन खोल्यांचं कौलारू घर. नवरा लवकर वारलेला, प्रभाकर एकुलता एक. ऐंशी सालाच्या आगंमागं मी वीज खात्यात नवा नवा वायरमन म्हणून औरंगाबादला आलो. हो, तेव्हा औरंगाबादच म्हणायचे. आम्ही सिल्लोडकडचे धनगर. एका भल्या माणसाच्या घरात खोली भाड्यानं घेतली होती. भला कसला! गिरजाचे दिवस भरत आले आणि त्याच्या घरी लग्न निघालं. म्हणाला, ‘घरात बाळंतपण झालं तर सोयर लागंल, कार्य अडंल, तुम्ही दुसरीकडं बघा.’ आता आमचं सोयर त्याला कुठून लागणार? पण पत्रिका वाटून झालेल्या, माणूस ऐकायलाच तयार नाही. आणि जायचं तरी कुठं? दिवाळी झाली की आमची माणसं, तिच्या माहेरची आणि माझ्या घरची दोन्ही, मेंढरं घेऊन रानोमाळ निघतात. गावाकडं दाराला कुलूप. ज्या दारात जावं तिथं आधी गिरजाच्या पोटाकडं बघायचे, मग ‘कालच दिली हो खोली’ म्हणायचे. लई राग यायचा, पण राग घेऊन कुठं झोपता येतं?

दवाखान्यात तपासताना सिस्टरनं केसपेपरवर लिहायला पत्ता विचारला आणि गिरजाला रडूच कोसळलं. सिस्टरनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, ‘संध्याकाळी सामान घेऊन या. जागा आहे.’ आमची जात विचारली नाही, किती दिवस राहणार तेही विचारलं नाही.

संध्याकाळी टांग्यातून ट्रंक आणि वळकटी घेऊन गेलो. दाराला कागदाची चांदणी लटकलेली, आतून करंज्या तळल्याचा वास. सिस्टरनं पुढच्या खोलीचं दार उघडलं आणि गिरजा उंबऱ्यातच थिजली. खोलीत काही म्हणजे काही नव्हतं. सारवलेली स्वच्छ जमीन, कोपऱ्यात पेटता दिवा, शेजारी पाण्याचा तांब्या आणि एक घडी घातलेली गोधडी. आमच्यात माणूस गेलं की त्याच्या जागेवर दिवा आणि पाणी ठेवतात. गिरजानं माझी बाही घट्ट धरली आणि कसंबसं विचारलं, ‘सिस्टर, हितं कुणी वारलंय का?’

सिस्टर आधी गोंधळल्या. मी आमची रीत सांगितली तेव्हा इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की पदरानं डोळे पुसायची वेळ आली. ‘अगं वेडे, वारलं नाही कुणी. यायचंय कुणीतरी!’

मग त्यांनी सांगितलं. सणाला लोक घर भरतात, ही बाई डिसेंबर लागला की पुढची खोली रिकामी करायची. पलंग, कपाट, शिवणयंत्र, सगळं मागं. येशूच्या आईला, मरीयेला, कळा सुरू झाल्या तेव्हा उतारशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, जागा नव्हती म्हणून देवाचं लेकरू गव्हाणीत निजलं... तर निदान आपल्या घरात तरी तो यायच्या आधी जागा झालेली असावी, एवढंच. पाहुणे आले तरी तिथं कुणाला टेकू द्यायच्या नाहीत. ‘मागं बसा, ती जागा दिलेली आहे,’ म्हणायच्या. शाळकरी प्रभाकर फुरंगटून बसायचा. ‘आई, लोकांचा नाताळ म्हणजे घर भरलेलं, आपलंच कसं गं उघडंबोडकं?’ त्यावर त्या म्हणायच्या, ‘भरलेल्या घरात तो शिरणार कुठून?’

हे खूळ त्यांच्या वडिलांचं. वडील सिल्लोडजवळच्या एका खेड्यात धर्मशिक्षक होते. निजामावर पोलिस ॲक्शन झाली, त्यानंतरच्या दिवसांत भेदरलेलं एक मुसलमान कुटुंब गाव सोडून निघालं होतं, सोबत म्हातारी आणि तान्हं लेकरू. वडिलांनी पुढची खोली त्यांना दिली. नाताळ आला तरी ती माणसं तिथंच. उपासनेला जमणारी मंडळी अंगणात थंडीत कुडकुडत बसली, पण वडिलांनी खोली मागितली नाही. सिस्टर तेव्हा परकर-पोलक्यातल्या. मला म्हणाल्या होत्या, ‘दादा, गाणी, फराळ, नवे कपडे सगळं खरं. पण जगाचा धनी, आणि त्याला टेकायला जागा मागावी लागली! तो हुकूम सोडायला नाही आला, मागायला आला. नाताळ कळला तो मला त्या वर्षी, अंगणात.’

त्या वर्षीचा नाताळ आम्ही त्यांच्याच घरी, त्याच पुढच्या खोलीत केला. भल्या पहाटे पेटी-तबला घेऊन देवळातली, म्हणजे त्यांच्या चर्चची, मंडळी भजनं म्हणत दारात आली. गिरजा गोधडी पांघरून ऐकत होती. सिस्टरनं तिच्या हातावर करंजी ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘त्या रात्री निरोप आधी मेंढपाळांना गेला, शास्त्री-पंडितांना नाही. तेव्हा आज मान धनगरांचा!’ आमच्या धनगरपणाचा आजवर कुणी असा मान केला नव्हता. मी उगाच चांदणीतला बल्ब नीट करत बसलो. लेकरू नव्या वर्षात झालं. दवाखान्यातून सिस्टरनंच उचलून आणलं. ‘वाट येशूची बघत होते, आली ही नकटी!’ तीच आमची सीमा. आम्हाला बिरोबा सोडा असं त्या कधी चुकून म्हणाल्या नाहीत. उलट जत्रेचा प्रसाद आणला की आधी कपाळाला लावून मग खायच्या. पुढं आम्ही घर बांधलं, पण नाताळचा फराळ त्यांच्याच मागच्या खोलीत, आजतागायत.

त्या सकाळी फोन आल्यावर आम्ही पोचलो तेव्हा सिस्टरना त्याच खोलीत ठेवलं होतं. माणसं येत होती, मावत होती. काही हलवावं लागलं नाही. दुपारी कबरस्तानातून परतलो, तर गिरजानं कुणाला न विचारता कोपऱ्यात दिवा लावलेला, शेजारी तांब्या भरून ठेवलेला. मी हळूच दटावलं, ‘अगं, ही त्यांची रीत नाय.’ तेवढ्यात प्रभाकर दारात आला. साठीकडं झुकलेला माणूस, डोळे सुजलेले. दिव्याजवळ आला. मग विचारलं, ‘काकू, हे तुमच्या रितीचं की आईच्या?’

गिरजा म्हणाली, ‘काय की बाबा. गेलेल्याला बी हेच लागतं आन् येणाऱ्याला बी हेच.’

नाताळच्या आदल्या दिवशी आम्ही फराळाला गेलो. यंदा काही करणार नाहीत असं वाटलं होतं, पण चांदणी लागलेली होती. मागच्या खोलीत नातेवाईक गुडघ्याला गुडघा लावून बसलेले, पाय ठेवायला जागा नाही. माझे गुडघे आता धरतात. पुढची खोली मोकळीच होती, दिवा तेवत होता, म्हटलं इथंच भिंतीला टेकावं जरा. तर आतून करंज्यांचं ताट घेऊन प्रभाकर धावत आला. लहानपणी ज्या खोलीपायी फुरंगटून बसायचा तोच हा प्रभाकर...

‘काका, तिथं नको. मागं या. ती जागा दिलेली आहे.’