गोठ्याच्या दारातल्या चपला

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे गोठ्याची पूजा असते. जमीन शेणानं सारवायची, खांबाला झेंडूची माळ बांधायची आणि त्या दिवशी आत जायचं ते अनवाणी. चपला काढून, माळ घेऊन मी आमच्या गोठ्याच्या दारात उभी होते, एवढ्यात शेजारून जाऊबाईंची किंकाळी आली. धावत गेले. त्यांचे यजमान, माझे चुलत दीर सुधाभाऊजी, त्यांच्या गोठ्यात खांबाशी पडले होते... हातात माळ तशीच. कुणीतरी मेन स्विच बंद केला, पण उशीर झाला होता.

भाऊजी म्हणजे आमच्या वाडीचे हौशी वायरमन. शिकलेले कुठे नाहीत, पण खिशात टेस्टर कायम. आमचे हे मुंबईला. पंखा बंद पडला की मी हाक मारायची आणि भाऊजी हजर. चहात साखर जास्त घाला, एवढंच मागणं. इतका गुणी माणूस, पण हट्टी! अहो, किती हट्टी! आमच्या दोन्ही गोठ्यांत पाण्याची मोटर त्यांनीच बसवली. अर्थिंगला खोल खड्डा हवा, आणि इथे हातभर खणलं की कातळ. त्यांनी अर्थिंगची वायर सरळ पत्र्याच्या शेडच्या लोखंडी खांबाला गुंडाळली. मोटरीतून गळणारा करंट जमिनीत जायचा, तो खांबात उतरायला लागला. "भाऊजी, खांबाला हात लागला की मुंग्या येतात हो," मी एकदा म्हटलं. "वैनी, रबरी चपला घाला नि बिनधास्त दूध काढा. कातळ फोडायला मी काय सुरुंग आणू?" मी हसले. तेव्हा भांडायला हवं होतं, ते हसले... हेच आता सलतं. वर्षभर चपलांनी वाचवलं आणि आम्ही समजलो, वायरिंग चांगलं आहे.

तेराव्यानंतर हातखंब्याहून परवानेवाला वायरमन बोलावला. आमच्या खांबाला त्यानं टेस्टर लावला, तर दिवा पेटला! "अनवाणी आत गेला नाहीत, नशीब तुमचं," तो म्हणाला. कशी जाणार? माळ हातातच राहिली होती, पूजा झालीच नव्हती. भाऊजी माझ्याआधी गेले, म्हणून मी आहे. हे जाऊबाईंना मी अजून सांगू शकलेले नाही.

आता कातळ फोडून दोन्ही गोठ्यांना नीट अर्थिंग झालंय. जाऊबाईंच्या गोठ्याच्या दारात भाऊजींच्या निळ्या रबरी चपला मात्र त्यांनी काढल्या तशाच आहेत. जाऊबाई त्यांना कुणाला हात लावू देत नाहीत. परवा दूध द्यायला गेले, आणि नकळत तोंडातून निघून गेलं, "भाऊजी, घाला हो त्या..."